बाटली घरी कुठं ठेवता, माई?

पत्र: मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बंधपत्रावर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, डॉक्टर आहे. मधुमेहाची एक आजी दर महिन्याला येते. साखर चारशेच्या खाली येत नाही. दोनदा डोस वाढवला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली टेबलावर ठेवते आणि 'रोज घेतो जी' एवढंच म्हणते. या महिन्यात 'खोटं बोलू नका' असं तोंडून गेलं, तर मुलगा अंगावर धावून आला. आणखी किती समजून घ्यायचं?

डॉक्टर, मुलाचं राहू दे. ते फडकं ओलं का असतं, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही?

मे महिन्यात तुमच्याकडे पारा 45च्या पुढे जातो. त्या उन्हात बाटली तापू नये म्हणून जी फडकं भिजवून आणते, ती इंजेक्शन चुकवणारी बाई नाही. घरी फ्रिज नसणार. पत्र्याखाली दिवसेंदिवस तापलेलं इन्सुलिन निकामी होतं. ती रोज टोचत असेल आणि साखर तिथंच राहत असेल. आणि तू डोस वाढवत गेलीस! मला भीती याचीच वाटते. उद्या ताजी बाटली मिळाली आणि तिनं हाच डोस घेतला, तर साखर एकदम उतरून ती घरात कोसळेल.

2019पासून एमबीबीएसला रुग्णाशी कसं बोलावं हे शिकवतात. 'मला तुमचा त्रास समजतो' हे वाक्य तुलाही पाठ असेल. पण त्रास काय आहे, ते आधी विचारावं लागतं गं.

पुढच्या महिन्याची वाट बघू नकोस. आशाताईंकडून आजच निरोप धाड, आजीला मुलासकट बोलाव. त्याच्या देखत म्हण, 'माई, खोटं बोलता म्हणाले, चुकलं माझं. बाटली घरी कुठं ठेवता?' मग तिला बोलू दे, मध्ये तोडू नकोस. बाटली उजेडात धरून गुठळ्या किंवा काचेला आतून पांढरा थर दिसतो का बघ. काही दिसलं नाही तरी नवीच दे, आणि डोस वरिष्ठांना विचारून नव्यानं ठरव. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, बाटली त्यात कोरडी, वर ओलं फडकं, एवढी सोय मुलाला नीट समजावून दे. अंगावर धावून आलेला तो मुलगा वाळू आणायला त्याच दिवशी जाईल. न उघडलेल्या बाटल्या मात्र तिच्या नावानं रुग्णालयाच्या फ्रिजमध्येच राहू देत.