क्युअरिंग, कॅटॅलिस्ट, हार्डनर: मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: औद्योगिक लेपाच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करताना एका अनुवादकांनी लिहिले, ‘रेझीनमध्ये (लेपाच्या मुख्य चिकट द्रव्यात) उत्प्रेरक मिसळल्यावर लेप आठ तासांत वाळतो.’ सहकाऱ्याचे म्हणणे पडले की उत्प्रेरक नव्हे, संप्रेरक हवे. त्यातून दुसरी शंका निघाली: क्युअरिंगला, म्हणजे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लेप कायमचा कडक होण्याला, ‘वाळणे’ चालेल का? आणि मूळ पत्रकात एकाच डब्याला एकदा कॅटॅलिस्ट आणि एकदा हार्डनर म्हटले आहे, ते कसे घ्यावे?

संप्रेरकाचा प्रश्न चटकन सुटतो. तो शब्द शरीरशास्त्रात हार्मोनसाठी रुजला आहे. हार्मोन हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘चालना देणे’ अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून घेतला, आणि संप्रेरकातही तीच चालना आहे. उत्प्रेरकातली ‘प्रेरणा’ही त्याच घरची, म्हणून गोंधळ होतो. पण रसायनशास्त्रात कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरकच. सजीवांतल्या उत्प्रेरकांना (एन्झाइमना) विकर म्हणतात. तिन्ही शब्द पाठ्यपुस्तकांत स्थिरावले आहेत, त्यांची अदलाबदल करू नये.

खरा प्रश्न वेगळाच आहे: तुमच्या डब्यात उत्प्रेरक आहे का?

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये उत्प्रेरणाची कल्पना आणि तिचे नाव मांडले. शतकाच्या अखेरीस विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी तिला आजचा अर्थ दिला: अभिक्रियेचा वेग बदलणारा, पण अंतिम उत्पादनाचा घटक न होणारा पदार्थ. या कामासाठी त्यांना १९०९ चे नोबेल मिळाले. शाळेत आपण ‘उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही’ असे पाठ करतो, ते मात्र खरे नाही. तो भाग घेतो, तात्पुरते बंध जोडतो, आणि काम झाले की मोकळा होऊन पुढच्या रेणूकडे वळतो. म्हणून डब्यावरच्या शब्दाची परीक्षा करताना एकच विचारायचे: अभिक्रिया संपल्यावर हा पदार्थ कुठे असतो? मोकळा झाला असेल तर उत्प्रेरक. मालाच्या रेणूत कायमचा जोडला गेला असेल तर त्याला दुसरे नाव हवे.

एपॉक्सी लेपाची, म्हणजे रेझीन आणि हार्डनर या दोन डब्यांची, जोडी या कसोटीवर लावून पाहा. नेहमीच्या द्रवरूप रेझीनमध्ये एपॉक्सी गटांचा एक मोल मिळवायला सुमारे १९० ग्रॅम रेझीन लागते. समोर ट्रायइथिलीनटेट्राअमीन हा हार्डनर घेऊ. त्याचा रेणुभार १४६ आणि एपॉक्सीशी जोडले जाणारे हायड्रोजन सहा, म्हणजे प्रत्येक हायड्रोजनमागे सुमारे २४ ग्रॅम. १९० ला २४, म्हणजे १०० भाग रेझीनला जवळजवळ १३ भाग हार्डनर. हे प्रमाण त्या रेणूंच्या बांधणीतूनच आले आहे. हार्डनर कमी पडला तर काही एपॉक्सी गटांना जोडीदारच मिळत नाही. लेप आठ तासांनी मऊ असतो आणि आठ दिवसांनीही मऊच राहतो. जास्त झाला तर उरलेला अमीन पृष्ठभागावर येतो, हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून तेलकट पांढुरकी साय धरतो, आणि तिच्यावर दुसरा हात मारला की तो सुटून येतो. एपॉक्सीच्या हार्डनरला उत्प्रेरक म्हणणे म्हणूनच चूक आहे. त्याला हार्डनरच म्हणावे किंवा ‘दृढक’ लिहावे. (तृतीयक अमीन किंवा इमिडॅझोल यांसारखी थोडक्यात काम भागवणारी, उत्प्रेरकासारखी वागणारी द्रव्ये एपॉक्सीतही वापरतात. पण दोन डब्यांच्या नेहमीच्या मालात दुसरा डबा बहुधा दृढकाचाच असतो.)

हा शब्दांचा कीस काढणे वाटेल, पण कामावरचा माणूस डब्यावरचे नाव वाचून हात चालवतो. ‘उत्प्रेरक’ वाचले की तो शाळेत शिकल्याप्रमाणे विचार करतो: हा फक्त वेग वाढवतो, कमी घातला तर वेळ जास्त लागेल एवढेच; थंडी आहे, तर थोडा जास्त घालू. उत्प्रेरकाच्या बाबतीत हा विचार ढोबळमानाने बरोबर आहे. दृढकाच्या बाबतीत त्याच विचाराने अख्खा घाणा कायमचा कच्चा राहतो. नाव बरोबर असेल तर माणूस काटा वापरतो, अंदाजाने ओतत नाही.

पॉलिएस्टर रेझीनमध्ये गुंता आणखी वाढतो, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी याच ठिकाणची वाटते. फायबरग्लासच्या कामात रेझीनमध्ये मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड साधारण एक ते दोन टक्के घालतात. बोलण्यात त्याला सर्रास कॅटॅलिस्ट म्हणतात. प्रमाण थोडे, परिणाम मोठा, म्हणून नाव पडले असावे. पण हे पेरॉक्साइड फुटते, त्याचे मुक्त मूलक (जोडायला टपलेले क्रियाशील तुकडे) रेणूंच्या साखळीची सुरुवात करतात आणि ते तुकडे साखळीच्या टोकालाच चिकटून राहतात. पेरॉक्साइड संपते, परत मिळत नाही. शास्त्रात याला इनिशिएटर म्हणतात, मराठीत ‘प्रारंभक’ छान बसतो. आता त्याच रेझीनमध्ये आधीपासून घातलेला कोबाल्टचा क्षार पाहा. खोलीच्या तापमानाला पेरॉक्साइड फोडण्याचे काम तो करतो. प्रत्येक वेळी कोबाल्टचा प्रभार दोनावरून तीन आणि तीनवरून पुन्हा दोन होतो, आणि तो पुढच्या रेणूसाठी तयार असतो. म्हणजे या सगळ्यात उत्प्रेरकासारखा वागणारा कोबाल्टच, आणि त्याला मात्र लोक ॲक्सिलरेटर म्हणतात. नावे अगदी उलटी बसली आहेत.

ही नावे मराठीत आणताना निष्काळजीपणा धोकादायक आहे. कोबाल्ट आणि हे पेरॉक्साइड थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझीनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा आणि मगच पेरॉक्साइड घालायचे, हा नियम मोडायचा नाही. सूचनापत्रात दोन्ही डब्यांना ‘उत्प्रेरक’ लिहिले, किंवा एकाला उत्प्रेरक आणि दुसऱ्याला ‘त्वरक’ लिहून पदार्थांची नावे गाळली, तर वाचणाऱ्याला कोणता डबा कोणता हे कळायला मार्ग नाही. अशा ठिकाणी मी शुद्धतेचा आग्रह बाजूला ठेवीन आणि देवनागरीत सरळ ‘पेरॉक्साइड’ व ‘कोबाल्ट’ अशीच नावे लिहीन.

मग लेपांच्या धंद्यात खरा उत्प्रेरक कुठे भेटतो? पॉलियुरेथेनमध्ये कथिलाचे डायब्युटिलटिन डायलॉरेट आयसोसायनेट आणि हायड्रॉक्सिल यांची जोडणी वेगाने घडवते. तिथे हार्डनर म्हणजे आयसोसायनेट वेगळे आणि उत्प्रेरक वेगळा, दोन्ही शब्द आपापल्या जागी. भट्टीत भाजायच्या मेलॅमिन रंगांत पॅराटोल्युईन सल्फॉनिक आम्ल हे काम करते. ते अमीनने बांधून ठेवलेले असते, म्हणून डब्यात रंग महिनोन्‌महिने टिकतो. भट्टीत अमीन उडून जाते आणि आम्ल मोकळे होते. लेबले आणि स्टिकरच्या पाठीमागचा गुळगुळीत कागद घ्या: त्यावरच्या सिलिकोनच्या थरात प्लॅटिनमचा उत्प्रेरक असतो, दशलक्षांत साधारण शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी भाग इतकाच. इतक्या थोड्यावर काम चालते म्हणून तो बिघडतोही पटकन. गंधकयुक्त रबराचा, अमीनचा किंवा कथिलाच्या क्षाराचा स्पर्श झाला की प्लॅटिनम निकामी होते आणि सिलिकोन चिकट राहते. हे प्लॅटिनम काम झाल्यावर थरातच अडकून पडते. तरीही ते उत्प्रेरकच, कारण ते थराच्या जाळ्याचा दुवा झालेले नसते.

आता ‘वाळणे’. ओली वस्तू वाळते म्हणजे तिच्यातले पाणी किंवा द्रावक उडून जाते. नायट्रोसेल्युलोज लॅकर असे वाळते, आणि तिथे हा शब्द अगदी चपखल आहे. त्यावर ॲसिटोनचा बोळा फिरवला की थर पुन्हा विरघळून बोळ्याला लागतो, कारण रेणू जसेच्या तसे राहिलेले असतात. क्युअर झालेल्या एपॉक्सीवर तोच बोळा फिरवा: चकाकी कदाचित थोडी उतरेल, पण थर जागचा हलत नाही. रेणूंची तिन्ही दिशांनी जोडणी होऊन एकच मोठे जाळे झालेले असते, ते विरघळणार कसे? रंगाच्या कारखान्यांत हीच तपासणी करतात. मिथाइल इथाइल किटोनमध्ये भिजवलेले कापड ठरावीक दाबाने पुढे-मागे घासायचे आणि थर किती फेऱ्या टिकतो ते मोजायचे. वाळणे आणि क्युअर होणे यांतला फरक कापडाच्या त्या तुकड्यावर स्पष्ट उमटतो.

जवसाचे तेल तर ‘वाळताना’ जड होते. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेते आणि त्यातून त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. आपण त्याला वाळणारे तेल म्हणतो, रंगवाले त्यातल्या कोबाल्ट-मँगनीजच्या क्षारांना ड्रायर म्हणतात. ही रूढी इतकी जुनी आहे की ती मोडायला जाऊ नये. पण नव्या अनुवादात तो अर्थ पुढे ओढायचे कारण नाही. काँक्रीटच्या क्युअरिंगकडे पाहिले की ‘वाळणे’ किती उलटे जाऊ शकते ते कळते. तिथे पाणी मारायचे ते काँक्रीट वाळू नये म्हणूनच.

मूळ क्युअर शब्द लॅटिनमधल्या ‘काळजी’ या अर्थाच्या शब्दातून आला आहे. त्याचा ‘बरा करणे’ हा अर्थ कोशात पहिला सापडतो, म्हणून काही अनुवादांत लेप ‘बरा होतो’. तो मार्ग सोडून द्यावा. ‘थिजणे’ आणि ‘गोठणे’ हेही नकोत, कारण थिजलेले ऊब मिळताच पातळ होते आणि क्युअर झालेला माल होत नाही. ‘घट्ट होणे’ जेलच्या, म्हणजे माल ओतता येईनासा होण्याच्या, टप्प्यापर्यंतच ठीक.

माझ्या मते उत्तर मराठीत आधीच आहे: कच्चा आणि पक्का. व्हल्कनायझेशन (गंधकाने पक्के करण्याची क्रिया) न झालेल्या रबराला आपण कच्चे रबर म्हणतोच. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून ज्या रबराला उन्हाळ्यात चिकटण्यापासून आणि थंडीत कडक होण्यापासून सोडवले, ते हेच. भट्टीतून काढलेला रंग नखाने उचकटला की रंगवणारा म्हणतो, ‘कोट कच्चा राहिला’. अंडरक्युअरला याहून नेमका शब्द मला सुचत नाही. लिओ बेकलँड यांनी १९०९ मध्ये जाहीर केलेल्या बेकेलाइट या कृत्रिम प्लॅस्टिकचे तीन टप्पे सांगितले होते. पहिल्यात रेझीन विरघळते आणि वितळते, दुसऱ्यात तापवले की मऊ पडते पण विरघळत नाही, नुसते फुगते, तिसऱ्यात दोन्ही नाही. कच्चे, अर्धकच्चे, पक्के असे मराठीत म्हटले की कोणालाही समजेल.

अडचण एवढीच की कापडाच्या बाबतीत ‘पक्का रंग’ म्हणजे धुतल्यावर न जाणारा रंग. म्हणून तांत्रिक नाम लागेल तिथे ‘दृढीकरण’ घ्यावे. उष्मामृदू आणि उष्मादृढ प्लॅस्टिक हे शब्द शाळेत शिकलेल्या वाचकाला त्यातला ‘दृढ’ परका वाटणार नाही. क्रियापद म्हणून मात्र ‘पक्का होणे’च वापरावे. ‘लेपाचे दृढीकरण झाले’ यापेक्षा ‘लेप पक्का झाला’ हे मराठी आहे. यूव्ही-क्युरेबल कोटिंगला ‘अतिनील प्रकाशाने पक्का होणारा लेप’ म्हणावे. शब्द चार जास्त लागतात, पण ‘दृढीकरणक्षम’ वाचून कोणाच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. त्या लेपातला प्रकाश शोषून फुटणारा घटक ‘प्रकाश-प्रारंभक’, उत्प्रेरक नव्हे.

तेव्हा पत्रकातला माल एपॉक्सी-अमीन असेल तर वाक्य असे करावे: ‘रेझीन आणि हार्डनर दिलेल्या प्रमाणात वजन करून मिसळावेत, लेप आठ तासांत हाताळण्याजोगा होतो.’ आठ तासांत तो खरोखर पूर्ण पक्का होतो की नुसता बोटाला लागेनासा होतो, हे मूळ पत्रकात पाहून घ्या. खोलीच्या तापमानाला पूर्ण पक्के व्हायला एपॉक्सीला सहसा काही दिवस, बऱ्याचदा आठवडाभर लागतो. पत्रकात या दोन वेळा वेगळ्या दिलेल्या असतात आणि अनुवादात त्या हमखास एक होतात.

त्याच पत्रकात पुढे पॉट लाइफ आणि शेल्फ लाइफ येतील. दोन्हींना ‘आयुष्य’ लिहू नका. न उघडलेल्या डब्याचा तो ‘साठवणकाळ’, मिसळल्यानंतरचा तो ‘वापरकाळ’. वापरकाळाशेजारी मिश्रणाचे वजन आणि तापमान दिले असेल तर तेही उतरवा. दृढीकरणात उष्णता बाहेर पडते, आणि मोठ्या बादलीत ती अडकून राहिल्याने माल लहान डब्यापेक्षा लवकर जेल होतो.