मथळ्यातला ‘मंदी’ हा शब्द

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मथळ्यात ‘मंदी’ म्हणायचं की ‘वाढ मंदावली’ म्हणायचं, एवढ्या एका शब्दासाठी तू रात्र जागवलीस, हे वाचून तुझ्याबद्दल खात्री वाटली. आपण लिहिलं की लोक धास्तावतील, हात आखडता घेतील, माल पडून राहील, कामाच्या पाळ्या कमी होतील आणि मंदी खरोखरच दारात येईल, ही तुझी धाकधूक अनाठायी नाही. तसं होतं. तरीही बातमी पातळ करून लिहू नकोस, असंच मी सांगेन.

१३ सप्टेंबर २००७ची रात्र आठव. नॉर्दर्न रॉक या ब्रिटिश बँकेनं बँक ऑफ इंग्लंडकडे तातडीची मदत मागितल्याची बातमी बीबीसीच्या रॉबर्ट पेस्टन यांनी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखांबाहेर रांगा लागल्या. पुढे संसदेच्या समितीनं पत्रकारांनाही बोलावून प्रश्न विचारले. आजही कुणी म्हणतं, बातमीनं बँक बुडवली. मला ते पटत नाही. बातमी खरी होती. आणि रांगेतल्या लोकांना घाबरट म्हणण्याआधी त्यांचा हिशेब बघ. बँक बुडाली तर, तेव्हाच्या नियमानं ठेवीतल्या पहिल्या २,००० पौंडांना पूर्ण हमी, पुढच्या ३३,००० पौंडांना ९० टक्के, त्यापुढे काहीच नाही. म्हणजे ५०,००० पौंड ठेवलेल्या माणसाला हमीतून फार तर ३१,७०० मिळाले असते. त्याच्या जागी तू काय केलं असतंस? मीही रांगेतच उभा राहिलो असतो. १७ तारखेला अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी ठेवींना सरकारची हमी जाहीर केली आणि रांगा ओसरल्या. विश्वासाला भगदाड हमीच्या नियमातच होतं, बातमीनं ते फक्त दिसलं.

आता माझी चूक सांगतो, अजून सलते. २९ सप्टेंबर २००८ला अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी पडला. पहिलं पान माझ्याकडे होतं. आवृत्ती सुटायची घाई, आणि मी मथळा दिला : ‘इतिहासातली सर्वात मोठी घसरण’. अंकांत ते खरं होतं. टक्क्यांत ती घसरण होती सुमारे ७. १९ ऑक्टोबर १९८७ला निर्देशांक ५०८ अंकांनीच पडला होता, पण ते होते २२.६ टक्के. हे मला माहीत होतं, तरी मोठा आकडा हाताशी आला आणि मी तोच उचलला. सकाळी एका निवृत्त वाचकाचा फोन आला. शेअर बाजाराशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. विचारत होते, ‘माझी मुदत ठेव मोडू का?’ मी काय सांगणार? त्यांना हवं होतं ते माझ्या बातमीत एका ओळीतही नव्हतं.

तेव्हापासून कुठलाही मोठा आकडा आला की मी आधी विचारतो, कशाच्या तुलनेत? २०२०च्या दुसऱ्या तिमाहीत अमेरिकेची अर्थव्यवस्था ३२.९ टक्क्यांनी आकसल्याचे मथळे सगळीकडे झळकले. तो वार्षिक दरात मांडलेला आकडा होता, म्हणजे त्याच वेगानं वर्षभर घट होत राहिली तर किती होईल, तो. प्रत्यक्ष तिमाहीतली घट साधारण साडेनऊ टक्के. तीही भयंकरच होती, फुगवायची काही गरज नव्हती.

अधिकृत शिक्क्याची वाटही पाहू नकोस. अमेरिकेत मंदी डिसेंबर २००७मध्येच सुरू झाली, हे तिथल्या एनबीईआर या संशोधन संस्थेच्या, मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या समितीनं जाहीर केलं १ डिसेंबर २००८ला. तोवर लोकांनी वर्षभर ती सोसली होती. नोकरी गेलेल्या माणसाला आपण ‘सगळं आलबेल’ सांगत राहिलो, तर आपली पुढची चांगली बातमीही तो मानणार नाही. मला खरी भीती याची वाटते.

आणि चांगल्या बातमीला आपण जागाही देत नाही. ती मंदी जून २००९मध्ये संपली, हे समितीनं सांगितलं सप्टेंबर २०१०मध्ये. पडझड पहिल्या पानावर आणि सावरणं आतल्या पानावर, हे मी आयुष्यभर पाहिलं, थोडंफार केलंही. ज्या कारखान्याच्या टाळेबंदीची बातमी तू देशील, त्याची तारीख वहीत लिही आणि सहा महिन्यांनी पुन्हा तिथे जा.

तुझ्या बातमीपुरतं सांगायचं तर सलग दोन तिमाह्या अर्थव्यवस्था आकसलेली स्पष्ट दिसते आहे, आणि त्यालाच सहसा मंदी म्हणतात, तेव्हा ‘मंदी’ ठेव. ‘हाहाकार’ काढ. ठेवींना किती संरक्षण आहे ते चौकटीत दे, पहिल्याच पानावर. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, तेही बघ. पाठवलेल्या प्रतीत तो होत नाही, त्यामुळे छोटी घट कडा कोसळल्यासारखी दिसते. दुरुस्त करून रात्रीच पाठव, मी जागा आहे.

तुझा,
जुना सहकारी