होम असिस्टंटसाठी हलका वेब सर्व्हर अ‍ॅड-ऑन घरच्या घरी कसा बनवायचा?

तुमच्या रास्पबेरी पायवर (छोटासा कॉम्प्युटर) होम असिस्टंट, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर, चालू आहे आणि स्वतःची दोन-चार एचटीएमएल पानं त्याच्या साइडबारमध्ये हवी आहेत, पण अपाचीसारखा जड वेब सर्व्हर नको. बरोबर ना? मीही पाण्याच्या टाकीचं पान याच हौसेपायी बनवलं.

आधी बघा, सुपरवायझर (होम असिस्टंटला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजेच अ‍ॅड-ऑन, बसवणारा आणि चालवणारा भाग) आहे का. होम असिस्टंट ओएस असेल तर असतोच. होम असिस्टंट नुसत्या डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवायचा डबा) चालवत असाल तर अ‍ॅड-ऑनचा नाद सोडा, सर्व्हरचा वेगळा कंटेनर लावा.

कॉन्फिगमधल्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' फोल्डरात पानं टाकली तरी 'लोकल' या पत्त्यावर ती दिसतात, पण तिथे लॉगिन विचारलं जात नाही. पत्ता माहीत असलेला कोणीही उघडू शकतो. मला ते पटलं नाही, म्हणून अ‍ॅड-ऑन.

त्याला फायली तीनच लागतात: कॉन्फिगची यामल (सेटिंग्जची साधी मजकूर-फाइल), डॉकरफाइल (कंटेनर कसा बांधायचा ते सांगणारी) आणि सर्व्हर सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट. इंजिनएक्स या वेब सर्व्हरचीही गरज नाही. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या 'बिझीबॉक्स-एक्स्ट्राज' पॅकेजमधला एचटीटीपीडी हा चिमुकला वेब सर्व्हर पुरतो. फक्त तो 'एफ' फ्लॅग देऊन चालवा. नाहीतर तो बॅकग्राउंडला जातो, स्क्रिप्ट संपते आणि कंटेनर लगेच बंद पडतो. पानं 'शेअर' फोल्डरात ठेवून तो फोल्डर यामलमध्ये मॅप करा (कंटेनरला दिसू द्या), म्हणजे मजकूर बदलला की दरवेळी कंटेनर पुन्हा बांधायला नको.

यामलमध्ये इन्ग्रेस (पान होम असिस्टंटच्याच आतून दाखवायची सोय) चालू करा. त्याचा ठरलेला पोर्ट ८०९९, तोच सर्व्हरला द्या आणि बाहेर कुठलाही पोर्ट उघडू नका. लॉगिनचं होम असिस्टंट बघतं. एचटीटीपीडीच्या कॉन्फिगमध्ये मात्र १७२.३०.३२.२ एवढाच आयपी (इन्ग्रेस याच पत्त्यावरून येतो) आत येऊ द्या, बाकी सगळे नाकारा.

माझी एक आख्खी संध्याकाळ गेली ती स्लॅशपायी. टेस्टिंगला पोर्ट उघडून पाहिलं तर पान झकास. इन्ग्रेसमधून स्वयंपाकघरातल्या जुन्या टॅबलेटवर उघडलं तर पांढऱ्यावर काळी अक्षरं, ना रंग ना रकाने. आई म्हणाली, "हे काय, लाइटबिल आलंय का?" सीएसएसचा (रंग-मांडणी ठरवणाऱ्या फाइलचा) पत्ता मी स्लॅशने सुरू केला होता. इन्ग्रेसमध्ये पान एका लांबलचक पत्त्याखाली असतं, त्यामुळे ब्राउझर ती फाइल होम असिस्टंटच्या मुळाशी शोधत बसला. सुरुवातीचा स्लॅश काढून सगळे पत्ते सापेक्ष केले आणि पान ताळ्यावर आलं.

स्क्रिप्ट विंडोजवर लिहिणार असाल तर ओळींचे शेवट विंडोजचे नाही, लिनक्सच्या पद्धतीचे (एलएफ) ठेवा. नाहीतर फाइल समोर दिसत असूनही 'अशी फाइल नाही' असा एरर येतो. आणि अ‍ॅड-ऑन स्टोअरमध्ये दिसलाच नाही तर सुपरवायझरचा लॉग उघडा. बहुतेक वेळा यामलमध्ये एखादी स्पेस इकडेतिकडे झालेली असते.