पालाखालची रात्र

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून सांगलीत नोकरी करतो. किल्ले बरेच केले, पण नेहमी दहा-बारा जणांच्या घोळक्यात. आता एकट्यानं रानात एक रात्र काढायची आहे. तीन मीटर लांब-रुंद कॅनव्हासचं कापड शिवून घेतलं आहे. परदेशातले व्हिडिओ बघून लाकडावर लाकूड घासून विस्तव करायचा सरावही चालू आहे. जानेवारीत कोयनेच्या जंगलात जावं म्हणतो. तयारी काय करू?

उत्तर : कापड शिवून घेतलंत, हे मला फार आवडलं. विकतच्या तंबूत माणूस दोन गज अडकवून आत शिरतो आणि चेन ओढून रानालाच बाहेर ठेवतो. पालाखाली तसं होत नाही. तीन बाजूंनी रान दिसत राहतं.

पण कोयना नको. कोयना आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, मुक्कामाची तर गोष्टच सोडा. इतर राखीव वनातही विस्तव पेटवणं हा १९२७ च्या वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. तुम्हाला हवं आहे ते मालकी रान. पाटण, शाहूवाडीपासून खाली संगमेश्वर-देवरुखपर्यंत गावांना लागून अशी रानं आहेत. मालकाला आधी जाऊन भेटा, चहा घ्या, कुठं झोपणार ती जागा त्याला दाखवा. पोलीस पाटलांच्याही कानावर घाला. देवराईत मात्र मालकानं ‘झोपा’ म्हटलं तरी गावाला विचारल्याशिवाय पाल टाकू नका.

आता विस्तवाबद्दल, कारण तुमच्या पत्रात त्याचाच जोर जास्त आहे. धनुकलीनं, म्हणजे छोट्या धनुष्याच्या दोरीनं लाकूड फिरवून, विस्तव काढायला जरूर शिका. आपल्याकडे यज्ञासाठी अरणीचं मंथन होतंच, ती विद्या परकी नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या पोटात गारगोट्याही भरपूर सापडतात. पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि सावरीचा कापूस एवढ्यावर ठिणगी धरता येते. पण हे सगळं घरच्या अंगणात करा, बादलीभर पाणी शेजारी ठेवून. जानेवारीत आपलं गवत कमरेएवढं आणि कोरडं ठणठणीत असतं. उत्तरेकडच्या थंड देशांत ओल्या, बर्फाळ जमिनीवर रात्रभर शेकोटी जळते, ते तिथं बरोबर आहे. इथं एक ठिणगी उडाली तर डोंगराची आख्खी सोंड जळते. वणव्यात घरट्यासकट जळालेली अंडी मी हातात घेतली आहेत. माझं सांगणं स्पष्ट आहे : पहिली रात्र विस्तवाशिवाय काढा. भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे आणि थर्मासमध्ये चहा न्या. धुराचा दुसराही धोका आहे. वरच्या कड्याला किंवा उंच झाडाला आग्यामोहोळ असेल आणि धूर तिकडे गेला, तर पळायलाही जागा मिळत नाही.

विस्तव नसला की सगळा भार येतो जागेवर, कापडावर आणि बिछान्यावर. खरं कसब तिथंच आहे.

जागा ऊन असतानाच ठरवा. चारला पोहोचा, म्हणजे पाल ठोकून झाल्यावर अर्धा तास नुसतं बसता येईल. आधी वर बघा. डोक्यावर वाळकी फांदी लोंबत असेल तर ती जागा सोडा. उंबराखाली झोपू नका, रात्रभर फळं खायला कोण ना कोण येत राहतं. पाण्यापासून निदान शंभर पावलं दूर राहा. गव्याची वाट पाण्याकडेच जाते, आणि अंधारात गव्याच्या वाटेत असणं बिबट्याच्या वाटेत असण्याहून वाईट. ओढ्याकाठची सपाट जागा मोहात पाडते, पण गार हवा पाण्यासारखी उतारावरून खाली येऊन तिथंच साचते. थोडं वर, एखाद्या टप्प्यावर झोपलात तर फरक अंगाला कळतो.

पाल टाकायला मी शिकले एका धनगरबाबांकडून. दिवाळीनंतर ते माण तालुक्यातून मेंढरं घेऊन खाली उतरायचे आणि आमच्या गावच्या शिवारात चार दिवस थांबायचे. मेंढरं रात्री वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, आणि माणसं पालात. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. तुमच्या कापडाला सर्वांत सोपी रीत त्यांचीच : एक कोपरा झाडाला छातीएवढ्या उंचीवर बांधायचा, समोरचा कोपरा मेखेनं जमिनीला, उरलेले दोन बाजूंना ताणून मेखा. एक तणावा, तीन मेखा, संपलं. पाठ उताराच्या वरच्या बाजूला करा. इथं नवखी माणसं चुकतात. संध्याकाळी वारा खालून वर येत असतो म्हणून ती पाठ खाली करतात, आणि रात्री डोंगर गार झाला की वारा उलटा वरून खाली सरळ तोंडावर येतो.

मेखा घरून न्या. बांबूच्या, वीतभर तरी जमिनीत जातील अशा. झाडं तोडून मेखा करणं व्हिडिओत छान दिसतं, आपण ते करू नये. गाठ सुरगाठ मारा. पहाटे बोटं गारठलेली असताना एका ओढीत सुटली पाहिजे.

आणि तणावा ढिला ठेवा. हे मी चुकूनच शिकले. पहिल्या एकट्या रात्री मी कापड ढोलकीसारखं ताणलं होतं. मध्यरात्रीनंतर दहिवर पडलं. सुती कापड आणि सुती दोरी ओली झाली की आवळते. तीनच्या सुमारास मेख उपटली आणि ओलं जड कापड माझ्या तोंडावर पडलं. मला वाटलं, कुणीतरी झडप घातली. ओरडले, धडपडत बाहेर आले आणि कितीतरी वेळ झाडाला पाठ लावून उभी राहिले. हातपाय कापत होते. मग बॅटरी सापडली, मेख सापडली. पुन्हा ठोकली आणि अंथरुणात बसून उजाडायची वाट बघितली. तुमच्या वाट्याला हे येऊ नये.

कापड आतून हातानं, डोक्यानं, सॅकनं चोळू नका. ओल्या कॅनव्हासचे धागे फुगून भोकं बुजवतात, पण आतून जिथं घासाल तिथून पाणी झिरपू लागतं. पाऊस आलाच तर आत घट्ट अंग चोरून बसा, कापडाला हात नाही.

बिछान्याबद्दल मी हट्टी आहे. उघड्या जमिनीवर झोपायचं नाही. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, आणि दुखत नसल्यानं अनेकांना चावल्याचं कळतही नाही. थंडीत साप कमी फिरतात, पण फिरतच नाहीत असं नाही. दोन झाडांना झोळी बांधून वर पाल टाकता आली तर उत्तम. नाहीतर जाड चटई, तिच्यावर घोंगडी आणि वरून मच्छरदाणी, चारी बाजूंनी चटईखाली नीट खोचलेली. घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. ती ऊब धरते, थोडं पाणी अडवते. घोंगडी ओलांडून साप येत नाही असं जुनी माणसं सांगतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण या एका गोष्टीवर भिस्त ठेवू नका. मच्छरदाणीवर ठेवा. लघवीला उठलात तर आधी बॅटरी, मग पाय. सकाळी बूट उलटे करून झटका, विंचू तिथंच बसतो.

साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि दवाखाना गाठायचा. म्हणून जागा अशी निवडा, जिथून मोबाइलला रेंज आहे आणि रस्ता अर्ध्या तासावर आहे. ११२ या मदतीच्या नंबरवर उगाच फोन लावून बघता येत नाही, पण रेंज आहे की नाही हे तर बघता येतं. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा.

आवाजांचं म्हणाल, तर भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, रातवा पक्षी एका तालात चुकचुकत राहतो. वाळक्या पाचोळ्यात उंदीर चालला तरी माणूस चालल्यासारखा आवाज येतो. पहिल्या दोन तासांत प्रत्येक आवाजाला उठून बसाल. बसा. नंतर कान आपोआप वेगवेगळे आवाज ओळखू लागतात.

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे, नाशिकला शिकते. तिलाही असंच एकटीनं रानात राहायचं आहे. मला रात्रभर झोप लागणार नाही. नाही म्हणू का?

उत्तर : ताई, नाही म्हणू नका. तिला विचारा : जागा कुणाची, ती तिथं आहे हे गावात कुणाला माहीत आहे, आणि सकाळी किती वाजता फोन येईल. तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर जाऊ द्या. वेळेत फोन आला नाही तर काय करायचं तेही दोघींनी आधीच ठरवा. रात्री सारखे फोन मात्र करू नका, बॅटरी संपते. एकटी जाते आहे हे तिनं आधी कुठंही जाहीर करू नये, फोटो परत आल्यावर टाकावेत. माणसांपासूनची काळजी जनावरांपासूनच्या काळजीपेक्षा मोठी आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

मी पहिल्यांदा एकटी राहिले तेव्हा २९ वर्षांची होते. ती मेख उपटलेली रात्र हीच. आई ‘जा’ म्हणाली आणि दुसरं काही बोलली नाही. बऱ्याच वर्षांनी वाडीतल्या एका आजींनी सांगितलं की त्या रात्री आई वाडीच्या शेवटच्या घरी ओट्यावर कांबळं पांघरून बसून होती. माझ्या पालापासून दहा मिनिटांवर. मी ओरडले ते तिला ऐकू आलं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. तुम्हालाही तसं बसावंसं वाटलं तर बसा.

प्रश्न : कॅनव्हासवर काळे ठिपके पडलेत. साबणानं धुऊ का?

उत्तर : साबण नको, त्यानं कापडाचं पाणी अडवणं कमी होतं. कडक उन्हात वाळवा, कोरड्या ब्रशनं बुरशी झाडा, मग साध्या पाण्यानं धुऊन पुन्हा दोन दिवस ऊन द्या. डाग पूर्ण जाणार नाहीत, कापड मात्र टिकेल. शिवणीवर मेण घासा. पुढच्या वेळी दहिवरानं ओलं झालेलं कापड सॅकमध्ये भरून आणलं, तर घरी पोहोचल्यावर आंघोळीआधी ते दोरीवर टाका.