मालकाचा रकाना आधी पुसून टाक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता पाहिला. ग्लॉस्टरचा अर्ल, म्हणजे इंग्लंडमधला एक बडा सरदार, गिल्बर्ट द क्लेअर याच्या जमिनी, 1314 ते 1326. डावीकडे जहागिरींची नावं, उजवीकडे वर्षं आणि मधे एक रुंद रकाना: 'मालक'. खाली तुझी तक्रार अशी की एकच जहागीर एका कागदात राजाच्या ताब्यात दिसते, दुसऱ्यात विधवेच्या, तिसऱ्यात बहिणीच्या, चौथ्यात बहिणीच्या नवऱ्याच्या. तेव्हा विषय सोडून एखाद्या मठाचे हिशेब घ्यावेत का, असं तू विचारतेस.

घेऊ नकोस. विषय उत्तम आहे, तुझा रकाना वाईट आहे. ते चारही कागद खरे आहेत आणि एकमेकांशी भांडत नाहीत. भांडण तुझ्या रकान्याने लावलं आहे. जमीन कोणाची, हा त्या काळाचा प्रश्नच नव्हे. कोणत्या हक्काने, कोणाकडून आणि कधीपर्यंत, हे तीन प्रश्न विचार. त्यातही पहिला पुन्हा पुन्हा विचार. मी तुला हे फोनवर सांगितलं होतं, आता लेखी सांगतो, म्हणजे विसरलीस तर निदान कागद राहील.

आपल्याकडच्या सात-बारावर भोगवटादाराच्या नावाशेजारी 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. घरातली भांडणं बहुतेक त्याच रकान्यात दडलेली असतात. क्लेअर घराण्याचा सगळा इतिहास त्या रकान्यातला आहे, आणि तू नेमका तोच वगळला आहेस.

सुरुवात 1314 पासून करू नकोस, 1290 पासून कर. त्या वर्षी थोरल्या गिल्बर्टने, म्हणजे तुझ्या गिल्बर्टच्या बापाने, राजा पहिल्या एडवर्डची मुलगी जोन ऑफ एकर हिच्याशी लग्न केलं. लग्नाआधी त्याने आपल्या सगळ्या जमिनी राजाच्या हवाली केल्या. लग्नानंतर राजाने त्या परत दिल्या, पण नव्या अटीवर: दोघांच्या नावे, आणि पुढे या दोघांच्या पोटच्या संततीकडे. एक शेत इकडचं तिकडे झालं नाही. तुझ्या तक्त्यात या वर्षी काहीच घडलेलं दिसणार नाही. प्रत्यक्षात पहिल्या बायकोपासून झालेल्या दोन मुली, इसाबेला आणि जोन, एका दस्ताने वारशाच्या रांगेतून बाहेर गेल्या.

पुढे 1295 च्या डिसेंबरात थोरला गिल्बर्ट वारला. मुलगा चार वर्षांचा. एरवी काय झालं असतं? विधवेला तिसरा हिस्सा, उरलेलं मूल सज्ञान होईपर्यंत राजाच्या पालकत्वाखाली. इथे तसं झालं नाही, कारण जमीन दोघांच्या नावे होती. सगळीच्या सगळी जोनकडे राहिली. 1297 मध्ये तिने राल्फ द मॉन्थर्मर नावाच्या आपल्याच पदरच्या एका साध्या सरदाराशी गुपचूप लग्न केलं. तिचा बाप, म्हणजे राजा, संतापला, राल्फला तुरुंगात टाकलं, मग निवळला. आणि हा राल्फ पुढची काही वर्षं ग्लॉस्टरचा अर्ल म्हणून मिरवला! एप्रिल 1307 मध्ये जोन गेली आणि त्याची अर्लकी तिच्याबरोबर गेली. जमिनी सोळा वर्षांच्या गिल्बर्टला मिळाल्या. आता सांग, 1300 साली वेल्समधल्या, क्लेअरांच्या कार्डिफचा 'मालक' कोण? जोन? राल्फ? नऊ वर्षांचा पोरगा? यातलं एक नाव रकान्यात भरलंस की बाकी दोघांवर अन्याय आणि वाचकाची फसवणूक.

मला ठाऊक आहे, तुझे तिकडचे मार्गदर्शक म्हणतील की एवढा तपशील परिशिष्टात टाका. मलाही असंच सांगितलं गेलं होतं. माझ्या प्रबंधाला जोडायला एक रंगीत नकाशा हवा होता: क्लेअरचा लाल, मॉर्टिमरचा हिरवा, बोहुनचा पिवळा. मी दिला नाही. रंग मालकी सांगतो, हक्क सांगत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. त्या हट्टापायी प्रबंध रखडला, पुस्तक निघालंच नाही, आणि माझ्यानंतर आलेल्या लोकांनी तेच नकाशे छापून नाव कमावलं. वाईट वाटतं का? वाटतं. पुस्तक हातात धरायला मला आवडलं असतं. पण नकाशा मी आजही देणार नाही. घरचे याला खोड म्हणतात. म्हणू देत. तू मात्र नकाशा जरूर काढ, फक्त एक काढू नकोस. निदान चार काढ: विधवेचे हिस्से, राजाच्या ताब्यातलं, बायकांच्या हक्काने नवऱ्यांकडे आलेलं, आणि उरलंच काही तर निखळ धन्याचं. चौथा नकाशा बराचसा कोरा निघेल. तो कोरेपणाच तुझं संशोधन आहे.

आता 1314. 24 जूनला बॅनकबर्नच्या लढाईत तुझा गिल्बर्ट पडला. वय तेवीस, मूलबाळ हयात नाही. मागे विधवा मॉड, आणि तीन सख्ख्या बहिणी: एलेनॉर, मार्गारेट, एलिझाबेथ. इस्टेट वर्षाला सुमारे 6000 पौंडांची. मुलगा असता तर सगळं त्याचं. मुलगा नसेल तर बहिणींना सारखे वाटे. इथवर तू बरोबर लिहिलं आहेस. त्यापुढे मात्र तू 'तीन वर्षं वाटप रखडलं' असं एक वाक्य टाकून 1317 वर उडी मारलीस. मुली, ती तीन वर्षं म्हणजेच तुझा प्रबंध आहे!

मॉड म्हणाली, मी गरोदर आहे. मेलेल्या अर्लचं मूल जन्माला आलं तर बहिणींना काही नाही, म्हणून वाटप थांबलं. दरम्यान जमीन राजा दुसऱ्या एडवर्डच्या हातात, उत्पन्न राजाच्या तिजोरीत. मॉडचा विधवेचा तिसरा हिस्सा तिला कसाही मिळणारच होता. अडकल्या त्या बहिणी. एलेनॉरचा नवरा, धाकटा ह्यू डिस्पेन्सर, इतका उतावळा झाला की 1315 मध्ये त्याने केंटमधला टनब्रिजचा किल्लाच ताब्यात घेतला. मग पार्लमेंटपुढे रडला की नऊ महिने केव्हाच उलटले. त्याला उत्तर मिळालं ते तोंडपाठ करून ठेव: विधवेच्या गरोदरपणाची शंका असेल तर शहाण्यासुरत्या बायकांकडून तिची तपासणी व्हावी असा हुकूम चॅन्सरीतून, म्हणजे राजाच्या हुकूम काढणाऱ्या कचेरीतून, काढून घेण्याची रीत आहे; तो तू वेळेत काढला नाहीस, ही चूक तुझी.

नवऱ्याला जाऊन दोन वर्षं होत आली तरी कायद्याच्या लेखी बाई गरोदर! तू या ठिकाणी समासात उद्गारचिन्ह काढून पुढे गेली आहेस. थांब. दुसऱ्या एडवर्डला हे गरोदरपण सोयीचं होतं, हे तर उघड आहे. पण राजाने जमीन नुसती दाबून ठेवली, असं लिहू नकोस. त्याने ती एका हक्काने ठेवली. तो हक्क पोकळ होता हे सगळ्यांना दिसत होतं, तरी तो मोडायला दुसरा हक्कच पुढे आणावा लागत होता. किल्ला घेऊन भागलं नाही. डिस्पेन्सर हे त्या दिवशी शिकला आणि पुढे सगळ्यांच्या मुळावर आला.

आणि या तीन वर्षांत ग्लॅमॉर्गनमध्ये, क्लेअरांच्या वेल्समधल्या मुलखात, माणसं राहत होती, हेही विसरू नकोस. पेन द टर्बरव्हिल नावाचा राजाचा कारभारी तिथे बसला होता. त्याच्या जाचाला कंटाळून 1316 च्या जानेवारीत लेवेलिन ब्रेन या वेल्श पुढाऱ्याने केअरफिलीच्या किल्ल्यावर चाल केली. मार्चमध्ये उठाव मोडला. आपल्या माणसांना सोडा, मला घ्या, म्हणून तो स्वतः शरण आला. त्याला लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलं. 1317 च्या नोव्हेंबरात वाटप झालं, ग्लॅमॉर्गन एलेनॉरच्या वाट्याला आलं, आणि डिस्पेन्सरने लेवेलिनला कार्डिफला आणून हाल करून मारलं. राजाला शरण आलेल्या माणसाला मारण्याचा अधिकार याला कोणी दिला? हा माझा आजचा प्रश्न नाही. 1321 मध्ये सरदारांनी त्याच्यावर जे आरोप ठेवले त्यात हा एक होता. त्यांनीही तेच विचारलं: कोणत्या हक्काने?

तू लिहितेस 'डिस्पेन्सर ग्लॅमॉर्गनचा धनी झाला.' खोडून टाक. तो एलेनॉरचा नवरा होता. बायकोच्या जमिनीवर नवऱ्याचा अंमल संसार असेतो, आणि जिवंत मूल जन्मलेलं असेल तर बायकोच्या मागेही त्याच्या मरणापर्यंत. बस्स, तेवढाच. मार्गारेटच्या हक्काने तिचा नवरा ह्यू ऑडली याला वेल्समधलं न्यूपोर्ट, एलिझाबेथच्या हक्काने तिचा नवरा रॉजर डॅमोरी याला तिथलंच उस्क. हिस्से अंतरावर नव्हे, वार्षिक उत्पन्नावर पाडले गेले, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याचे तुकडे वेल्सपासून पूर्व इंग्लंडपर्यंत विखुरलेले दिसतात. तुला त्यात गोंधळ दिसतो. मला त्यात चोख हिशेब दिसतो.

न्यूपोर्टचं पुढे काय झालं ते तू छान लिहिलं आहेस, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. डिस्पेन्सरने ते ऑडलीकडून कसं काढून घेतलं, बदल्यात इंग्लंडमधल्या जमिनी कशा गळ्यात मारल्या, सगळं ठीक. गावर या वेल्समधल्या जहागिरीचं प्रकरण मात्र पुन्हा लिही. 1320 मध्ये विल्यम द ब्रेओझचा जावई जॉन मोब्रे याने गावरचा ताबा घेतला, तेव्हा राजाने 'परवानगी घेतली नाही' म्हणून ती जहागीर जप्त केली. मार्चचे, म्हणजे वेल्सच्या सीमेवरच्या मुलखाचे, सगळे सरदार का उसळले? मोब्रेवरच्या प्रेमाने नव्हे. त्यांचं म्हणणं, सीमेवर राजाची परवानगी लागतच नाही, ही इथली जुनी वहिवाट. एका जहागिरीने सगळ्यांच्या जहागिरींचा पाया हलवला. 1321 च्या मे महिन्यात ते डिस्पेन्सरच्या मुलखावर तुटून पडले. 'लोभी सरदारांचं बंड' हे तुझं वाक्य आळशी आहे. लोभ होताच, लोभाला हक्काची भाषा कुठून मिळाली ते सांग.

वेल्श कुळांच्या जमिनींविषयी तू अर्धं पानच लिहिलं आहेस. धन्याची जमीन थोरल्या मुलाकडे जाते आणि त्याच मुलखातला वेल्श शेतकरी आपली जमीन सगळ्या मुलांत वाटतो. दोन कायदे एकाच डोंगरावर. यावर मी फारसं काही सांगू शकत नाही. वेल्श शिकायचं राहून गेलं याची हळहळ मला अजून वाटते. तू तिथेच आहेस, वर्ग आहेत, वय आहे. शीक.

आता एलिझाबेथ. तुझ्या तक्त्यात 1322 ला 'उस्क: डिस्पेन्सर' आणि 1327 ला 'उस्क: एलिझाबेथ' अशा दोन नोंदी आहेत, मधे काही नाही. मधे काय होतं बघ. 1322 च्या मार्चमध्ये डॅमोरी बंडातच मेला. एलिझाबेथला बार्किंगच्या मठात कोंडलं आणि उस्क देऊन गावर घेण्याच्या कागदावर तिची संमती घेतली. गावरचं मोल उस्कपेक्षा कितीतरी कमी. नंतर डिस्पेन्सरने ब्रेओझला पुढे करून दाव्यात गावरही तिच्याकडून काढून घेतलं. कागदोपत्री सगळं शुद्ध! अदलाबदल तिच्या संमतीने, गावर न्यायालयाच्या निकालाने. मग 1326 च्या मे महिन्यात, डिस्पेन्सर अजून सत्तेवर असताना, या बाईने गुपचूप एक निषेधपत्र लिहून घेतलं: माझ्याकडून हे सगळं धाकाने घेतलं गेलं, मी मनाने काहीही सोडलेलं नाही. ते कुठे दाखवता येईल अशी परिस्थिती नव्हती. तरी तिने लिहून ठेवलं, कारण तिला कळत होतं की ताबा गेला तरी हक्क जात नाही, फक्त तो कुठेतरी नोंदलेला असला पाहिजे. नोव्हेंबरात डिस्पेन्सर हेरेफर्डला फासावर गेला आणि उस्क तिच्याकडे परत आलं. पुढे तिने केंब्रिजच्या एका कॉलेजला पैसा आणि आपल्या घराण्याचं नाव दिलं आणि 1360 पर्यंत जगली. ते निषेधपत्र तू तळटीपेत ढकललं आहेस. मला राग आला तो यामुळेच, तक्त्यामुळे नव्हे.

लोक म्हणतात मी हक्कावर अडून बसतो कारण मला कथा सांगता येत नाही. वाचून बघ आणि तूच ठरव, यात कथा कमी आहे का.

असो. तक्ता नव्याने कर. एका जहागिरीला एक ओळ पुरणार नाही. जितके हक्क तितक्या ओळी, प्रत्येकीला सुरुवात आणि शेवट. आधी फक्त मॉडचा तिसरा हिस्सा घे. ती 1320 मध्ये वारली. तिच्याकडचं गाव अन् गाव कोणत्या बहिणीकडे गेलं ते तिच्या मृत्यूनंतरच्या सरकारी चौकशीच्या कागदांतून काढ. पंचांनी दिलेले आकडे जसेच्या तसे उतरव, बेरीज जुळवायला त्यांना हात लावू नकोस. आणि आयर्लंडमधलं किल्केनी तुझ्या यादीत कुठेच नाही. तेही त्याच वाटपात होतं, आणि क्लेअरांकडे तेही उस्कसारखंच मार्शल घराण्यातल्या एका मुलीच्या हक्काने आलं होतं. त्याची ओळ आधी घाल, मग मला पाठव.

तुझे,
सर