पचमढीच्या ट्रेकसाठी बूट कसे निवडायचे, कसे रुळवायचे?

पाठीवर सामान घेऊन तीन-चार दिवस चालायचं आहे, तर बूट निदान महिनाभर आधी घ्या. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकला वापरणार तेच मोजे घालून बघा. लेस मोकळी ठेवून पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट मावलं पाहिजे. मग लेस आवळून उतारावर उभे राहा. अंगठा पुढे टेकला तर तो बूट नको, नखं काळी पडतील. "वापरून सैल होईल" हे रुंदीबाबत थोडंफार खरं आहे, लांबीबाबत अजिबात नाही.

आपल्याकडच्या उन्हात वॉटरप्रूफ बुटात पाय घामानेच भिजतात, म्हणून पावसाळा सोडून मी जाळीचेच सुचवेन. फक्त वाळल्या गवतातून जायचं असेल तर चामड्याचे घ्या. कुसळं जाळीतून शिरून मोज्यात रुततात आणि पावलागणिक टोचतात.

रुळवायला आधी घरात, मग सेमिनरी हिल्सचा चढ, शेवटी सामानासकट रामटेकच्या पायऱ्या. कुठे चुरचुरलं की तिथेच थांबून टेप लावा, फोडाची वाट बघू नका. आणि चामडं भिजवून उन्हात वाळवू नका, तडे जातात.