विजयाचं खापर? ते कसं फुटेल?

प्रश्न असा आला आहे: ‘“संघाच्या विजयाचं खापर कर्णधाराच्या डोक्यावर” असं एका वाहिनीवर ऐकलं. हे बरोबर आहे का? आणि खापरपणजोबांतलं खापर हेच का?’

पहिल्याचं उत्तर: चूक. खापर दोषाचं फुटतं, अपयशाचं, नुकसानीचं फुटतं. विजयाचं श्रेय असतं. ते देतात, घेतात, बहुतेक वेळा लाटतात. हा प्रयोग इतक्यांदा कानावर आदळलाय की मी हल्ली बातम्या आवाज बंद करूनच बघतो.

आता खापराकडे वळू. कोश उघडलात की पहिला अर्थ ‘फुटक्या मडक्याचा तुकडा’, आणि पुष्कळांचं वाचन तिथंच थांबतं. जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही बाईला हा अर्थ सांगून बघा, हसेल. तिकडे खापर म्हणजे अख्खं, धडधाकट, चुलीवर पालथं घालायचं मातीचं भांडं. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर अलगद सोडायची. खानदेशी मांडे होतात ते असे. कोकणातल्या खापरोळीच्या तर नावातच खापर बसलंय, आता ती नॉनस्टिकवर निघते ही गोष्ट वेगळी. एवढी रोजच्या वापरातली वस्तू ‘तुकडा’ म्हणून निकालात काढणाऱ्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं नसावं.

आणि कुंभाराकडे तर नाहीच नाही. चुलीवर चढणारं मडकं नुसत्या चाकावर पुरं होत नाही. चाकावरून ते जाड उतरवायचं, जरा सुकू द्यायचं, मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्यानं थापटत थापटत पातळ करायचं. मातीत घोड्याची लीद, राख मळलेली असते. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, लीद जळून जाते, अंगात बारीक भोकं राहतात, म्हणून भांडं तापलं-निवलं तरी सहजी तडकत नाही. भाजल्यावर थापटून बघताना आवाज बद्द आला की ओळखायचं, हे कच्चं. तेरच्या गोरोबाकाकांनी हेच थापटणं जमलेल्या संतांच्या डोक्यांवर मारून पाहिलं आणि कुरकुरलेल्या नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा आपल्याला पाठ आहे. पण कुंभाराला डोकं आणि मडकं एकच का वाटावं, हे कोणी विचारत नाही. माझा सगळा आनंद तिथं आहे.

खापर आलं संस्कृत कर्पर-खर्पर यांवरून, प्राकृत खप्परातून. कर्पर म्हणजे भांडं, खापरी, आणि कवटीसुद्धा. देवीच्या हातातलं खप्पर आठवा. आता याच्या जोडीला कपाळ घ्या. हा शब्द संस्कृत कपालाचा. वैदिक यज्ञात पुरोडाश, म्हणजे आहुतीच्या पिठाच्या भाकऱ्या, भाजायचे ते कपालांवर, म्हणजे भाजक्या मातीच्या खापऱ्यांवर. अग्नीचा पुरोडाश अष्टाकपाल, आठ खापऱ्यांवर भाजलेला. तोच कपाल पुढे कवटी झाला आणि मराठीत भुवयांच्या वर येऊन बसला. म्हणजे आपण गंध लावतो ते खापरीला! लॅटिनमध्येही ‘टेस्टा’ म्हणजे मातीचं भांडं, खापरी. त्यातूनच फ्रेंचांचा डोक्याचा शब्द निघाला. तेव्हा एखाद्याच्या कपाळावर खापर फोडणं म्हणजे भाषेच्या हिशेबानं खापरीवर खापरी आपटणं. ‘फोडणे’ हे क्रियापद इथं का आलं, याचं याहून सुंदर उत्तर मला कोणी दाखवावं.

काही जण या वाक्प्रचाराचा उगम स्मशानात शोधतात: खांद्यावरच्या मडक्याला अश्म्यानं, म्हणजे दगडानं, भोकं पाडत तीन फेऱ्या, मग ते मागे टाकून फोडणं. मला पटत नाही. तिथं फुटतं ते मडकं, आणि फुटतं जमिनीवर. कुणाच्या माथ्यावर नाही, कुणाला दोष देऊन नाही.

खापरपणजोबांचं मात्र स्मशानाशी नसलं तरी श्राद्धाशी नातं असावं, असं माझं मत आहे. मत माझं, कोशांवर ढकलू नका. श्राद्धात पिंड तिघांना: बाप, आजा, पणजा. चौथ्यापासून पुढचे तिघे ‘लेपभाज’, म्हणजे पिंड दिल्यावर हाताला चिकटलेलं दर्भावर पुसतात, तेवढ्याचे धनी. चौथा कोण? खापरपणजा! भरलेलं ताट संपलं, वाट्याला खापराला चिकटलेली खरवड आली, म्हणून तो खापराचा. ‘फार जुना, फुटका, म्हणून खापर’ ही नेहमीची उपपत्ती मला आळशी वाटते. तसं असतं तर पणजोबा काय नवाकोरा होता?

एक गृहस्थ याहून पुढे जाऊन घोडनदीकाठच्या इनामगावचा दाखला देतात. तिथं डेक्कन कॉलेजच्या उत्खननात, घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली मुलं सापडली. काळ तीन हजार वर्षांच्या आसपासचा. म्हणून म्हणे मडक्यातला पूर्वज तो खापरपणजा. अहो, पण ती लहान मुलं होती, पणजे नव्हेत!

हां, प्रश्नातलं ‘डोक्यावर’ बरोबर आहे. ‘माथी’ किंवा ‘माथ्यावर’ही चालेल. ‘त्याच्या गळ्यात खापर मारलं’ हे मात्र नको. गळ्यात घोंगडं येतं किंवा धोंड पडते.